शेवटचे दोन फेरे

तिचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं, पण घरात आणि गल्लीत सगळे तिला घाई म्हणत. "ही सातव्या महिन्यातच आली," आई सांगायची, "उरलेले दोन महिने थांबायला हिला वेळ कुठे होता!" शाळेत प्रश्न पूर्ण वाचायच्या आत तिचं उत्तर लिहून व्हायचं, आणि बरेचदा ते बरोबरही असायचं, त्यामुळे ही खोड कधी मोडली नाही. आता ती तेहतीस वर्षांची होती. दुसऱ्या शहरात एका कंपनीत होती, एका यंत्रणेतली माहिती दुसऱ्या यंत्रणेत नीट पोहोचवणं हे तिचं काम होतं, आणि त्या कामात तिचा दबदबा होता. तरी घराचा उंबरा ओलांडला की ती पुन्हा घाईच.

तिचे वडील, अप्पा, म्हणजे अगदी दुसरं टोक. अप्पा पाणीखात्यात वॉल्व्हमन होते. शहराच्या रस्त्यांखाली तीनशे बारा वॉल्व्ह होते. कुठल्या गल्लीला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, लांब दांड्याची चावी आत घालून, हाताने फिरवून ठरत असे. छत्तीस वर्षं अप्पांनी ती चावी खांद्यावर वाहिली. त्यांचं चालणं हळू, जेवणं हळू, आणि बोलणं तर विचारूच नका. नमनालाच घडाभर तेल. ते थोडंसं बोलायचे, श्वास घ्यायचे, आणि मग 'पण' म्हणायचे. खरी गोष्ट त्या 'पण'च्या पुढे असायची. आईला ते ठाऊक होतं, ती तोवर भाजी निवडून घ्यायची. घाईला एवढा धीर नव्हता. अप्पांच्या तोंडून पहिले दोन शब्द बाहेर पडले की तिला सगळं कळलेलं असायचं.

अप्पा या महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते, आणि पाणीखात्यातल्या इंजिनिअर बाईंच्या जिवाला घोर लागला होता. बाई हुशार होत्या, पण या शहरात येऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झालं होतं. अप्पा गेले की या तीनशे बारा वॉल्व्हांची नाडी कोणाला कळणार? सुदैवाने अप्पांनी वह्या लिहिल्या होत्या. चौदा वर्षांत पाच. दर वॉल्व्हला एक ओळ: नंबर, जागा, चावीचे किती फेरे, आणि शेवटी शेरा. हे सगळं आता फोनमध्ये घालायचं, म्हणजे पुढच्या माणसाने चेंबरपाशी उभं राहून नंबर टाकायचा आणि अप्पांचा शेरा वाचायचा, असं बाईंनी ठरवलं. काम नेमकं घाईच्या कंपनीकडे आलं. कंपनी म्हणाली, घरचंच कार्य आहे, जा तूच महिनाभर.

घाई आली. तिने नऊ दिवसांत पाचही वह्या संगणकावर उतरवल्या. तिची बोटं अशी चालायची की डोळे वाचायचे, हात लिहायचे आणि डोकं भलतीकडेच असायचं. मग राहिलं ते नेण्याचं काम. एका यंत्रणेतून दुसरीत माहिती न्यायची तर मधे एक साधी मजकुराची फाइल करतात. एका वॉल्व्हची एक ओळ, आणि ओळीतल्या रकान्यांच्या मधे स्वल्पविराम. पलीकडची यंत्रणा ओळ वाचत जाते. स्वल्पविराम दिसला की समजते, एक रकाना संपला, पुढचा सुरू झाला. चार रकाने, तीन स्वल्पविराम. सोपी, जुनी, सगळीकडे चालणारी रीत.

ही फाइल तिने एका दुपारी तयार केली. पहिल्या वीस ओळी फोनवर उघडून पाहिल्या. ते बाजाररस्त्याचे वॉल्व्ह होते, सरळ स्वभावाचे, शेऱ्यात नुसतं 'चालू', 'चालू', 'चालू'. अगदी पहिल्या वॉल्व्हचा शेरा मात्र होता, 'आज सुट्टी आहे'. घाईला हसू आलं. "अप्पा, वॉल्व्हला कसली सुट्टी?" तिने बाईंनाही दाखवलं, त्याही हसल्या. अप्पा कोपऱ्यात पाणी पीत होते. "लिहिलं असेल कधीतरी," ते म्हणाले आणि पेला पालथा घालून निघून गेले. घाईने शेवटी ओळी मोजल्या. इकडून तीनशे बारा गेल्या, तिकडे तीनशे बारा पोहोचल्या. आकडा जुळला, काम झालं.

मंगळवारी सकाळी पहिली चाचणी होती. अप्पांना बाईंनी मुद्दाम ऑफिसात बसवून ठेवलं. "तुमच्याशिवाय जमतं का ते बघायचंय," त्या म्हणाल्या. मुकादम, म्हणजे नव्या टोळीचा म्होरक्या, दोन माणसं घेऊन छापखान्यामागच्या अठ्ठ्याऐंशी नंबरच्या वॉल्व्हवर गेला. त्याने फोनवर नंबर टाकला. शेरा आला, 'पूर्ण बंद करा'. त्यांनी चावी घातली आणि फिरवली. शेवटी जड जायला लागलं तसा दोघांनी मिळून जोर लावला, कारण शेरा स्पष्ट होता. आत खोल कुठेतरी काडकन आवाज झाला आणि चावी गरागरा मोकळी फिरायला लागली. वॉल्व्हचा दांडा तुटला होता. पाणी अडवणारी तबकडी खाली बसली ती बसलीच. तीन गल्ल्या आणि एक प्रसूतिगृह दोन दिवस कोरडं पडलं. रस्ता खणावा लागला, टँकर लावावे लागले, आणि बाळंतिणींना पाणी नाही म्हटल्यावर वर्तमानपत्रांना दुसरं काय हवं!

गुरुवारी बाईंनी सगळ्यांना बोलावलं. बाई ओरडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फोन अप्पांच्या पुढे ठेवला.

"अप्पा, हे तुमच्या वहीतलं. 'पूर्ण बंद करा.' तुम्ही स्वतः कधी तो वॉल्व्ह पूर्ण बंद केला होता का?"

अप्पांनी चष्मा लावला, फोन लांब धरून पाहिला, मग एकदा मान वळवून घाईकडे पाहिलं. चष्मा काढून खिशात ठेवला.

"मीच लिहिलं असेल तसं," ते म्हणाले. श्वास घेतला. त्यापुढे 'पण' आला नाही.

"मग बाकीच्या तीनशे अकरा शेऱ्यांवर मी कसा विश्वास ठेवू?" बाईंचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "मला वाईट वाटतंय, अप्पा. पण या वह्या मी वापरू शकत नाही. बाहेरची एजन्सी नव्याने पाहणी करेल. सोमवारी मी तसं वर लिहून पाठवते."

घाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि शरमेचा नेहमीचा धाकटा भाऊ म्हणजे राग, तोही लगेच हजर झाला. घरी पोहोचून दार लागताच ती सुटली.

"चार वेळा विचारलं होतं तुम्हाला, वह्या बरोबर आहेत ना म्हणून! छत्तीस वर्षांची नोकरी, आणि जाता जाता हे! आता जन्मभर लोक म्हणणार, अप्पांच्या वहीमुळे दांडा तुटला."

"जाऊ दे," अप्पा म्हणाले आणि पाय धुवायला मागे गेले.

आई दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. "अगं, त्यांना बोलतेस," ती म्हणाली, "पण वही उघडून बघितलीस का एकदा? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

घाईने वही काढली ती अप्पांची चूक त्यांच्याच अक्षरात त्यांना दाखवावी म्हणून, हे इथे सांगितलंच पाहिजे. वह्या कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या वहीत अठ्ठ्याऐंशी नंबर सापडला. बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं:

'पूर्ण बंद करा, असा वरचा हुकूम आहे, पण शेवटचे दोन फेरे सोडा, आतली तबकडी झिजली आहे, जोर लावला तर दांडा तुटेल.'

तिने ते तीनदा वाचलं. मग संगणक उघडला. तिथे, तिने स्वतः उतरवलेल्या मजकुरात, वाक्य पूर्ण होतं. मग ती मधली फाइल उघडली. तिथेही पूर्ण होतं, फक्त त्याच्याभोवती अवतरणचिन्हं नव्हती. आणि फोनवर होतं, 'पूर्ण बंद करा'.

पलीकडच्या यंत्रणेने आपलं काम चोख केलं होतं. चार रकाने मोजले होते. शेऱ्यातला पहिला स्वल्पविराम आला तिथे यंत्रणेला वाटलं, चौथा रकाना संपला. पुढे आणखी काही येत होतं ते जादा रकाने म्हणून तिने मुकाट टाकून दिलं. शेरा सगळ्यांत शेवटी होता, म्हणून इकडचं तिकडे सरकलं नाही, कुठे लाल अक्षर उमटलं नाही, ओळींचा आकडाही चुकला नाही. मजकुरातच स्वल्पविराम असेल तर मजकूर अवतरणचिन्हांत गुंडाळून पाठवायचा, हे ती नव्या लोकांना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. या वेळी तिने ते केलं नव्हतं. का, तर वॉल्व्हचे शेरे, त्यांत असं काय असणार!

तिने फोन आणि वही शेजारी ठेवून एकेक नंबर ताडून पाहायला घेतला. एक्केचाळीस, फोनवर 'ठीक आहे'. वहीत 'ठीक आहे, म्हणजे वरून दिसायला, उन्हाळ्यात गळतो'. एकशे शहाण्णव, फोनवर 'उजवीकडे फिरवा'. वहीत 'उजवीकडे फिरवा, असा नियम, हा एकटा डावीकडे बंद होतो'. अडीचशे, फोनवर 'इथे काही नाही'. वहीत 'इथे काही नाही, असं नकाशा म्हणतो, झाकण झुडपाखाली आहे, पावलाने चाचपा'. अप्पांची लिहिण्याची पद्धतच ती होती. साहेबाचा मान आधी, वॉल्व्हचा मान नंतर. वरून जो हुकूम आला तो पहिल्यांदा अदबीने लिहायचा आणि मग पुढे खरं काय ते. दोनशे सत्तावन्न शेऱ्यांमध्ये खरं काय ते तेवढं गळून गेलं होतं.

एवढ्यावर चूक कळली होती आणि ती दुरुस्तही करता आली असती. पण घाई तशीच बसून राहिली, कारण तिला दुसरंच काही दिसायला लागलं होतं. हे तोडणं तिच्या ओळखीचं होतं. पहिला स्वल्पविराम आला की पुढचं जादा म्हणून टाकून द्यायचं, हे तिचा कान अप्पांच्या बाबतीत लहानपणापासून करत आला होता.

एकोणीस वर्षांची असताना तिला दुसऱ्या शहरात शिकायला प्रवेश मिळाला. पत्र आलं त्या संध्याकाळी अप्पा मागच्या नळावर पायांचा चिखल धूत होते. "मी उद्या जाते," ती म्हणाली. "उद्या नको जाऊस," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी श्वास घेतला. तो श्वास पुरा व्हायच्या आत घाई घरात जाऊन बॅगेत कपडे कोंबत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा पाणी सोडायला निघून गेले, आणि आई तिला पोहोचवायला तिच्याबरोबर आली. त्यानंतर चौदा वर्षं बापलेकीत जे काही बोलणं झालं ते 'पोहोचलीस का' आणि 'जेवलात का' एवढ्यात मावलं. त्या 'नको' ची अढी तिने मनात जपून ठेवली होती, एखाद्या पावतीसारखी.

अप्पा पाय पुसत आत आले. समोर वही आणि फोन शेजारी शेजारी पाहून ते थबकले.

"तुम्हाला ठाऊक होतं," घाई म्हणाली. "वहीत बरोबर आहे हे तुम्हाला ऑफिसातच ठाऊक होतं. का नाही बोललात?"

"तू उतरवलंस ना," अप्पा म्हणाले. या वेळी ती थांबली. अप्पांनी सावकाश श्वास घेतला. "मला वाटलं, तुला पुढचं कामाचं वाटलं नसेल. तू शिकलेली, तुला ठाऊक काय ठेवायचं, काय काढायचं. आता मी तिथे म्हटलं असतं की वहीत पुढे आहे, तर पोरीने चूक केली असं झालं असतं. माझे आठच दिवस राहिलेत. तुला अजून पुष्कळ नोकरी करायची आहे."

आईने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "दोघं एकाच माळेचे मणी," ती म्हणाली. "एकाला पुढचं सांगायचं नसतं, दुसरीला ऐकायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाई दुरुस्तीला बसली आणि अप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले. सगळे स्वल्पविराम काढून टाकले असते तर काम पाच मिनिटांचं होतं. तिने तसं करायला हात उचललाही होता. पण स्वल्पविराम गेले की अप्पांची वाक्यं एका दमात पळत सुटणार, आणि जिथे थांबून विचार करायचा तिथे वाचणारा थांबणारच नाही. तिने हात मागे घेतला.

"आता प्रत्येक शेऱ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी अवतरणचिन्ह घालते," तिने अप्पांना सांगितलं. "म्हणजे यंत्रणेला कळतं, या दोघांच्या आत जे स्वल्पविराम आहेत ते मजकुराचे. तिथे तोडायचं नाही."

अप्पांनी विचार केला. "भिंतीतून पाइप न्यायचा असला की," ते म्हणाले, "आम्ही आधी भिंतीत मोठा पाइप बसवतो, त्याच्या आतून आपला नेतो. म्हणजे भिंत खचली तरी आतला दबत नाही."

"तेच, अगदी तेच."

पण फाइल पुन्हा चढवली तेव्हा एकोणीस ओळी तुटल्याच. घाईने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. अप्पांना लोकांचं बोलणं जसंच्या तसं लिहायची सवय, आणि तेही चोख अवतरणचिन्हांत. आतलं चिन्ह आलं की यंत्रणेला वाटे, गुंडाळी संपली.

"मग लोकांचं बोलणं काढून टाक," अप्पा ओशाळून म्हणाले. "तेवढं नसलं तरी चालेल."

"नाही काढणार. आतलं प्रत्येक चिन्ह दोनदा लिहायचं. दोन सलग दिसली की यंत्रणा समजते, हे मजकुरातलं आहे, अजून संपलेलं नाही."

या वेळी तिने वीस ओळींवर भागवलं नाही. सगळ्या तीनशे बारा ओळी फोनवरून मोठ्याने वाचल्या आणि अप्पांनी वहीत बोट ठेवून एकेक जुळवली. पहिल्या नंबरला ती थबकली. 'आज सुट्टी आहे, घरी कोणी नाही, म्हणून लिहायला घेतो.' अप्पांनी बोट पुढच्या ओळीवर नेलं होतं, म्हणून तीही पुढे गेली. त्या वाचनाला पूर्ण शुक्रवार लागला. तिच्या आयुष्यात अप्पांचं एवढं बोलणं तिने सलग कधी ऐकलं नव्हतं, आणि तेही तिच्याच तोंडून.

शनिवारी ती बाईंच्या पुढे उभी राहिली. मुकादम आणि त्याची माणसंही होती. "चूक माझी आहे," ती म्हणाली. तिने वही, जुनी फाइल आणि नवी फाइल तिन्ही पुढे ठेवली, आणि काही न लपवता सांगितलं, कंपनीलाही कळवलं आहे हेही सांगितलं. बाईंनी अठ्ठ्याऐंशीचा शेरा वहीत वाचला. मुकादमाने मागून डोकावून वाचला.

"'जोर लावला तर दांडा तुटेल,'" मुकादम पुटपुटला. "आम्ही लावला, तुटला. याहून खरा माणूस कुठे शोधायचा बाई!"

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "एक चाचणी आणखी. आत्ता. हिच्यात बिघडलं तर मात्र सोमवारचं पत्र जाईल. अप्पा, तुम्ही बोलायचं नाही."

बाईंनी नंबर निवडला एकशे एक्केचाळीस, चौकातला. सगळे चालत गेले. मुकादमाने झाकण उचलायला लावलं, नंबर टाकला आणि मोठ्याने वाचायला लागला: "'पूर्ण उघडा, पण आधी समोरच्या शिंप्याला हाक मारा, "लाल पाणी येणार" एवढं सांगा, त्याने टाकीचं तोंड बंद केलं की चार फेरे, मग शंभर आकडे मोजा, मग बाकीचे.' अरे बापरे! हे वॉल्व्हचं आहे की लग्नाचं निमंत्रण?"

माणसं हसली. पण मुकादम एकदा पोळला होता. त्याने समोर पाहून खरंच हाक मारली, "अहो शिंपीदादा, लाल पाणी येणार!"

दुकानातून म्हातारा शिंपी गळ्यातली टेप सावरत बाहेर आला. आधी त्याने मुकादमाला न्याहाळलं, मग मागे उभ्या असलेल्या अप्पांना. "आज आवाज वेगळा आला," तो म्हणाला, "बंद करतो, थांबा," आणि मागे जाऊन टाकीचं तोंड बंद करून आला. चार फेरे. मुकादमाने शंभर मोजले, साठाच्या पुढे जरा घाईने, पण मोजले. मग बाकीचे फेरे. कुठे आवाज झाला नाही, कुठे काही तुटलं नाही. कोपऱ्यावरच्या नळाला आधी गंजाचं तांबूस आणि मग स्वच्छ पाणी आलं. बाईंनी ओंजळीत घेऊन पाहिलं आणि पदराला हात पुसले.

"वह्या राहतील," त्या म्हणाल्या. "फोनमध्येही आणि माझ्या कपाटातही. अप्पा, सोमवारी आणून द्याल?"

अप्पांनी मान हलवली. परत येताना ते नेहमीपेक्षाही हळू चालत होते, आणि घाई त्यांच्या पावलांना पाऊल लावून चालली.

त्या संध्याकाळी ती वह्यांना नवं वेष्टन घालायला बसली. पहिली वही उघडली तर पहिल्या पानावर, अगदी वर, तारीख होती. तारखेला रकाना नव्हता, म्हणून ती संगणकावर कधी उतरलीच नव्हती. घाईने ती दोनदा वाचली. पहिल्यांदा घर सोडल्याची तारीख कोणी विसरत नाही. ही त्यानंतरच्या दुसऱ्याच दिवसाची होती.

"अप्पा," तिने विचारलं, "ही सुट्टी कसली होती?"

अप्पा समोर बसून चावीच्या दांड्याला तेल लावत होते. महिनाअखेरीला तीही परत करायची होती.

"रजा टाकली होती," ते म्हणाले.

घाई थांबली. श्वास आला, गेला.

"तुझ्यासाठीच टाकली होती. तुला म्हटलं नव्हतं का, उद्या नको जाऊस, उद्या मोठ्या टाकीची पाळी आहे, परवा जा, परवा मी येतो पोहोचवायला? तू ऐकलंस आणि आत गेलीस. मला वाटलं, मी बरोबर यायला नको असेन. ते मोठं कॉलेज, आणि माझ्या पायांचा चिखल नखांतून काही जात नाही. म्हटलं, बरोबर आहे पोरीचं. मग रजा होती, घरी कोणी नव्हतं, वही घेतली."

त्यांनी हे कुठलीही तक्रार नसल्यासारखं सांगितलं, अठ्ठ्याऐंशीच्या तबकडीबद्दल सांगावं तसं. घाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते थोपवलं नाही. चौदा वर्षं तिने त्या 'नको' वर राग धरला होता आणि त्याच्या पुढे एक अख्खा माणूस बॅग उचलायला उभा होता.

"मी ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली. "अप्पा, मी 'नको जाऊस' एवढंच ऐकलं होतं."

अप्पांचा हात दांड्यावर थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं.

"तुमचं महिनाअखेरीला संपतंय," ती नाक पुसत म्हणाली, "मीही तेव्हाच परत जाणार. येता मला पोहोचवायला?"

"येतो," अप्पा म्हणाले.

घाई उठली नाही. तिने वही मांडीवर मिटून ठेवली.

"पण सकाळच्या गाडीने जाऊ," अप्पा म्हणाले, "परतीचं लगेच काढू नकोस, मागे फोनवर तू म्हणाली होतीस तुझ्या खोलीतला नळ गळतो, तो बघायचाय, त्याला तासभर लागेल, नट आवळायचे दोन पाने बरोबर घेतो, आणि तुझ्या आईलाही घेऊ, नाहीतर ती म्हणेल..."

आणखी काय काय येणार होतं कोण जाणे. घाई ऐकत बसली.